खेकडा फसवतो म्हणजे नक्की कोण काय करतो? उन्हाळी शाळेला जाऊ का, या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी चोडण बेटावरच्या खारफुटीत फिडलर खेकड्यांच्या बिळांवर प्रबंध करते आहे. युरोपातल्या एका पदव्युत्तर उन्हाळी शाळेची जाहिरात तिच्या बघण्यात आली. विषय आहे उत्क्रांतिजीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांतली ‘एजन्सी’. तिचे मार्गदर्शक म्हणतात, ‘हे सगळे शब्दांचे खेळ, त्यापेक्षा दोन महिने बसून आर शीक.’ (आर म्हणजे आकडेवारीसाठीची संगणकभाषा.) ती विचारते: अर्ज करू का? तत्त्वज्ञानाचं एक पानही वाचलेलं नाही, झेपेल का? आणि आधी काय वाचू?

मी गोव्यातच प्राणिशास्त्र शिकवते. अशा एका शाळेला विद्यार्थी म्हणून गेले होते, पुढे एक-दोन लहान कार्यशाळांत अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूलाही बसले. तुला ‘तू’च म्हणते, वर्गातली सवय जात नाही.

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. अर्ज कर, झेपेल. मात्र शुल्क आणि विमानभाडं यांतला मोठा वाटा उचलणारं कुणी नसेल तर कर्ज काढून जाऊ नकोस. विषय पळून जात नाही. पुढे पीएच.डी. करायची असेल आणि तीही उत्क्रांती, वर्तन किंवा परिसंस्था यांत, तर ही शाळा तुला उपयोगी पडेल. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) काढून लगेच नोकरी धरायची असेल, किंवा प्रबंधाची तारीख त्याच आठवड्यात येत असेल, तर या वर्षी सोडून दे. हे तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहे, त्यात मी दुरून बोलणं बरं नाही.

पण तुझ्या तीन प्रश्नांच्या मागे चौथाच एक प्रश्न आहे असं मला वाटतं. ‘माझ्या खेकड्याचा आणि या तत्त्वज्ञांचा संबंध काय?’ तो सुटला तर बाकीचे तीन आपोआप सुटतात. म्हणून उत्तर लांबतंय.

सुरुवात शब्दापासून. एजन्सी म्हटलं की आपल्याकडे गॅसची, नाहीतर भाड्याच्या स्कूटरची. मराठीत काही जण ‘कर्तृत्व’ म्हणतात, पण मराठीत कर्तृत्व म्हणजे कर्तबगारी, शाल-श्रीफळ देऊन ज्याचा सत्कार होतो ते. जिवाणूचा सत्कार कुणी करत नाही. मी वर्गात ‘कर्तेपण’ म्हणते. शाळेतलं व्याकरण आठव: वाक्यातला कर्ता कोण? पाणिनीने कर्त्याची व्याख्या दोन शब्दांत केली आहे, ‘स्वतन्त्रः कर्ता’. जो त्या क्रियेत स्वतंत्र, तो कर्ता. आणि क्रिया सिद्धीला न्यायला जे सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते करण. कुऱ्हाड हे करण, लाकूडतोड्या कर्ता. आता सांग, उत्क्रांतीच्या वाक्यात जनुक कर्ता की करण? खेकडा कर्ता की कर्म? की कर्ता ‘नैसर्गिक निवड’, आणि खेकडा तिच्या हातातली माती? सगळा वाद इथे आहे. (तिथे जाऊन ‘आमच्या पूर्वजांनी हे आधीच सांगितलं होतं’ असं मात्र म्हणू नकोस. पाणिनी वाक्यांबद्दल बोलत होता, खेकड्यांबद्दल नाही. मला तो फक्त प्रश्न नीट विचारायला उपयोगी पडतो.)

जीवशास्त्रज्ञ या शब्दाला बिचकतात त्याला कारण आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स ड्रीश याने १८९१ मध्ये त्रिएस्तच्या सागरी केंद्रात समुद्री अर्चिनचा दोन पेशींचा भ्रूण हलवून हलवून त्याच्या पेशी वेगळ्या केल्या. अर्ध्या भ्रूणातून अर्धी अळी निघेल अशी अपेक्षा होती. निघाली पूर्ण, फक्त आकाराने लहान. प्रयोग अस्सल होता, आजही शिकवला जातो. पण पुढे ड्रीशने त्याचं स्पष्टीकरण म्हणून ‘एन्टेलेकी’ नावाची एक अभौतिक जीवनशक्ती आणली आणि तिथे जीवशास्त्र त्याला सोडून गेलं. तेव्हापासून कुणी ‘हेतू’, ‘ध्येय’ म्हटलं की प्रयोगशाळेत ड्रीशचं भूत दिसतं. १९५८ मध्ये जीवशास्त्रज्ञ पिटेंड्रिगने ‘टेलिओनॉमी’ हा शब्द काढला तो यासाठीच: हेतूसारखं दिसणारं वर्तन मान्य करायचं, पण हेतू ठेवणारं कुणी आत बसलंय असं म्हणायचं नाही. १९६१ मध्ये उत्क्रांतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने नजीकची कारणं आणि अंतिम कारणं अशी फाळणी केली. खेकडा नांगी कशी हलवतो हे शरीरक्रियाशास्त्राकडे, का हलवतो हे उत्क्रांतीकडे. दोघांनी एकमेकांच्या कुंपणात शिरायचं नाही. तुझे मार्गदर्शक याच परंपरेत घडलेत, मीही.

कर्तेपणाची चर्चा म्हणजे ते कुंपण नेमकं कुठे घालायचं याची चर्चा. जीवशास्त्राचे तत्त्वज्ञ समीर ओकाशा यांच्या २०१८ च्या पुस्तकात एक उपयोगी भेद आहे. एका प्रकारात आपण जिवालाच कर्ता मानतो: त्याची ध्येयं आहेत आणि वर्तन त्या ध्येयांकडे नेणारं आहे. दुसऱ्या प्रकारात आपण निवडीलाच कर्ता करतो, जणू निसर्गमाता निवडत बसली आहे. पहिल्याला ते अटी घालून मान्यता देतात, दुसऱ्याबद्दल सावध करतात. पहिल्याची मोठी अट अशी की जिवाच्या सगळ्या भागांचा हेतू एक असला पाहिजे. घरात फूट असेल तर ‘घराने ठरवलं’ म्हणता येत नाही. आणि फूट असते: फळमाशीत आणि उंदरांत असे जनुकगट आहेत की जे आपल्या जोडीदार गुणसूत्राच्या वाट्याचे शुक्राणू बाद करून स्वतः निम्म्याहून जास्त अपत्यांत पोचतात. तिथे ‘माशीचं हित’ म्हणजे कुणाचं?

तत्त्वज्ञ डेनिस वॉल्श यांची भूमिका (पुस्तक २०१५ चं) याहून पुढे जाते. त्यांच्या मते जीव हा उत्क्रांतीचा नुसता परिणाम नसून उत्क्रांती घडण्यात त्याचा हात आहे: तो परिस्थितीला प्रतिसाद देतो, ती बदलतो, आणि त्यातून पुढे निवडीपुढे काय येणार हे ठरतं. तिसरीकडे बॅरांडियारन, दी पाओलो आणि रोहदे यांनी २००९ मध्ये कर्ता म्हणायला तीन कसोट्या सांगितल्या: तो स्वतःला परिसरापासून वेगळा राखतो, परिसराशी देवाणघेवाणीचा पुढाकार त्याच्याकडे असतो, आणि त्याच्या कृतीला त्याच्याच दृष्टीने बरं-वाईट असतं. या शेवटच्या कसोटीवर थर्मोस्टॅट पडतो. खोली थंड झाली तर थर्मोस्टॅटचं काही बिघडत नाही. ई. कोलाय हा जिवाणू मात्र पडत नाही. तो सेकंदभर सरळ पोहतो, क्षणभर गिरकी घेऊन दिशा बदलतो, काही सेकंदांपूर्वीच्या साखरेशी आत्ताची साखर ताडून बघतो, आणि वाढत असेल तर गिरकी पुढे ढकलून सरळच पोहत राहतो. साखर मिळाली नाही तर तो मरतो. यंत्रणा सगळी रेणूंची आहे, प्रथिनांवर मिथाइल गट चढवण्या-उतरवण्याची, तरीही बरं-वाईट त्याचं आहे. मला स्वतःला हा युक्तिवाद पटतो. वर्गातल्या अर्ध्या मुलांना पटत नाही आणि त्यांची हरकत चांगली असते: ‘मिस, मग मेथिलेशन सांगून झाल्यावर कर्ता म्हणून आणखी काय सांगितलं?’

हीच हरकत धरून आता तुझ्या चिखलात उतरू.

तुझ्या खेकड्यातल्या नराची एक नांगी प्रचंड मोठी असते, दुसरी छोटी. खाणं छोटीनेच. मादी दोन्ही हातांनी जेवते, नर एका हाताने जेवतो आणि दुसऱ्याने लग्नाची निमंत्रणं देतो. मोठी नांगी तुटली, किंवा पकडलं गेल्यावर त्यानेच सोडून दिली, तर नवी उगवते. ऑस्ट्रुका अन्युलिपीस, आपल्या किनाऱ्यावरही असणारी जात, हिच्यावरचा एक अभ्यास २००० साली आला. त्यात असं दिसलं की पुन्हा उगवलेली नांगी लांबीला भरते, पण हलकी आणि सडपातळ असते, आतल्या कडेवरचे दात नसतात आणि जोरही कमी असतो. आणि समोरच्या खेकड्यांना हा फरक नुसतं बघून ओळखता येत नाही. अभ्यासकांनी याला ‘अप्रामाणिक संकेत’ म्हटलं. वर्गात आपण सरळ म्हणतो, ‘खेकडा फसवतो.’

आता हे वाक्य फळ्यावर लिहून कर्ता बदलत जा.

खेकडा फसवतो: म्हणजे कर्ता खेकडा. मग आपली नांगी खोटी आहे याचा त्याच्या वागण्यावर काहीतरी परिणाम दिसायला हवा. तो प्रत्यक्ष धक्काबुक्की टाळेल, दुरूनच नांगी उंचावेल, लहान प्रतिस्पर्धी निवडेल, बीळ राखण्यापेक्षा रिकामं बीळ शोधेल. हे मोजता येतं. तिपाईवर कॅमेरा आणि भरपूर सनस्क्रीन लागेल.

निवडीने फसवी नांगी घडवली: कर्ता निवड. मग खेकड्याने आपलं वागणं बदलायची गरज नाही. इथे मोजायचं वेगळंच. हलक्या नांगीत साहित्य कमी लागतं का, ती हलवायला ऊर्जा कमी जाते का, आणि लोकसंख्येत फसव्यांचं प्रमाण वाढलं तर इतर नर नांगीवर विश्वास ठेवणं सोडतात का. एका खेकड्याकडे तासभर बघून हे कळणार नाही, वेगवेगळ्या खाड्यांतल्या लोकसंख्यांची तुलना लागेल.

नांगी नुसती तशी उगवली: कर्ता कुणीच नाही. मराठीत याला भावे प्रयोगाची सोय आहे, ‘सांजावलं’, ‘उजाडलं’. पुन्हा वाढताना साहित्य आणि वेळ कमी, म्हणून नांगी सडपातळ, आणि फसगत हा केवळ उपपरिणाम. याची कसोटी अशी: ज्या अवयवांना संकेत म्हणून काही काम नाही, उदाहरणार्थ चालायचा पाय, ते तुटून पुन्हा आले की तेही असेच हलके येतात का? येत असतील तर ‘फसवणं’ हा शब्द आपण उगाच डोक्यावर घेतला.

वाक्य एकच दिसतं, पण कर्ता बदलला की मोजपट्टी बदलते, नमुना बदलतो, किती ओहोट्या चिखलात उभं राहायचं तेही बदलतं. म्हणून मी कर्तेपणाकडे श्रद्धेचा विषय म्हणून बघत नाही. कर्ता बदलल्यावर पुढचा प्रयोग बदलतो का, एवढंच विचारते. बदलत असेल तर तो शब्द कामाचा. बदलत नसेल तर तुझ्या सरांचं म्हणणं खरं, शब्दांचा खेळ.

हे शहाणपण मला आपसूक आलेलं नाही, ते फजिती होऊन आलंय. उन्हाळी शाळेत दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने पाच मिनिटं आपलं काम सांगायचं होतं. मी कागदी गांधीलमाशीच्या पोळ्यांवर बोलले. रोपालिडिया मार्जिनाटा, आपल्या घराच्या वळचणीला, मीटरच्या खोक्यात असते ती. मी म्हटलं, ‘राणी गेली की कामकरी माश्या नवी राणी निवडतात.’ समोर बसलेल्या तत्त्वज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. ‘निवडतात म्हणजे काय? नसती निवडली तर तुला काय वेगळं दिसलं असतं?’ माझ्याकडे पंचवीस स्लाइड्स होत्या, उत्तर नव्हतं. मिनिटभर प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

गंमत म्हणजे या माशीवर नेमका असाच विचार करून केलेला प्रयोग भारतातच झालेला होता. राघवेंद्र गदगकर यांच्या बंगळुरूच्या गटाने अनेक वर्षं दाखवलं आहे की राणी काढली की काही मिनिटांत एक कामकरी माशी अतिशय आक्रमक होते आणि तीच पुढे राणी बनते. पण राणी असताना ती कोण असेल हे निरीक्षकाला सांगता येत नाही. मग माश्यांना तरी माहीत असतं का? त्यांनी पोळं जाळीने मधोमध विभागलं. राणी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एक दावेदार उभी राहिली. मग राणीला त्या बाजूला हलवलं. आता मोकळ्या झालेल्या बाजूला पहिल्याच दावेदाराला जाऊ दिलं. काही वेळा तिला तिथेही मान्यता मिळाली, काही वेळा दुसरीच उभी राहिली, आणि ती दुसरी पुढे दोन्ही बाजूंना चालली. तिसरी दावेदार लागलीच नाही. पोळ्यात वारस आधीच ठरलेला असावा आणि माश्यांना तो ठाऊक असावा, असा निष्कर्ष त्यांनी २००८ मध्ये मांडला, आणि शीर्षकात ‘ठाऊक’ या अर्थाचा शब्द अवतरणचिन्हांत टाकला. ती दोन अवतरणचिन्हं हाच शाळेतल्या दहा दिवसांचा विषय आहे असं समज. कोणत्या पुराव्याने ती काढता येतील?

तेव्हा तत्त्वज्ञान न वाचता झेपेल का, याचं उत्तर: तिथल्या तत्त्वज्ञांना तुझी गरज जास्त असते. त्यांच्याकडे भेद करण्याची धार असते, पण ज्यावर ती चालवायची तो जीव नसतो. जेवणाच्या टेबलावर जिचा खेकडा तिच्याभोवती गर्दी. तू खाजणाबद्दल सांगितलंस तर तिथल्या कुणालाही ते ठाऊक नसेल: बांध घालून खारं पाणी अडवलेली जमीन, भरती-ओहोटीने आपोआप उघडमीट करणारी मानशीची दारं, पावसात भात आणि नंतर मासळी. आणि त्या बांधाला भोकं पाडणारे खेकडे. तुझा खेकडा बीळ करतो तेव्हा चिखलात हवा जाते, खालची माती वर येते, पाण्याचा निचरा बदलतो, आणि ते बीळ पुढे दुसराच कुणी वापरतो. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९८३ मध्ये जीव हा उत्क्रांतीचा कर्ताही आहे आणि कर्मही, असं म्हटलं ते याचसाठी. जीव परिसराला घडवतो आणि त्याच घडलेल्या परिसरात त्याची निवड होते. बांधावरच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘कुर्ल्यांनी बांद पोखरलो’ म्हणताना कर्ता कोण याबद्दल त्याच्या मनात शंका नसते.

इथे तुझे सर म्हणतील, यात नवीन काय, डार्विनने १८८१ मध्येच गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. बरोबर आहे. सरांच्या बाजूने आणखीही बोलते, कारण त्यांची शंका निम्मी रास्त आहे. या क्षेत्रात ‘आता उत्क्रांतिशास्त्र नव्याने लिहावं लागेल’ असा आवेश पुष्कळ असतो. २०१४ मध्ये ‘नेचर’ने यावर दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापल्या: एक गट म्हणाला सिद्धान्ताचा विस्तार तातडीने हवा, दुसरा म्हणाला जे आहे त्यात हे सगळं बसतं, गडबड कशाला. मला दुसऱ्या गटाचा लेख जास्त संयमी वाटला आणि पहिल्याची उदाहरणं जास्त चांगली वाटली. पैशाचीही गोष्ट आहे. या विषयाला मिळणाऱ्या पैशांत टेम्पल्टन फाउंडेशनचा वाटा मोठा आहे. २०१६ मध्ये ‘विस्तारित संश्लेषणा’च्या, म्हणजे याच सिद्धान्त-विस्ताराच्या, एका प्रकल्पाला त्यांनी सुमारे ८० लाख डॉलर दिले. धर्म आणि विज्ञान यांच्या सीमेवरच्या प्रश्नांत रस असलेली ही संस्था, त्यामुळे ‘हेतू’ शब्द मागच्या दाराने देव आणतोय की काय, अशी शंका काहींना येते. माझा अनुभव असा की ज्यांची व्याख्यानं मी ऐकली त्यांच्यात एकानेही देव आणला नाही. पण पैसा कुठून येतो हे माहीत असावं, आणि विचारायला लाजू नये.

आणि सरांना खेळ नको, प्रयोग हवा असेल तर भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टनच्या माश्या दाखव. १९५३ चं काम. फळमाशीच्या कोषांना उष्णतेचा धक्का दिला की काहींच्या पंखांवरची आडवी शीर नाहीशी होते. ज्यांची नाहीशी झाली त्यांचीच पैदास करत गेलं, तर काही पिढ्यांनी धक्का न देताही बिनशिरेच्या माश्या निघू लागल्या. लामार्क, म्हणजे कमावलेले गुण वारशाने जाणं, कुठेही नाही, दडलेली जनुकीय विविधता आणि निवड एवढंच. पण पहिलं पाऊल टाकलं ते परिस्थितीला शरीराने दिलेल्या प्रतिसादाने, जनुकं मागून आली. शेणकिड्यांवरही अलीकडे असं काम झालंय: अळी आपल्या शेणाच्या गोळ्यात खटपट करून तो बदलते, तिला ती खटपट करू दिली नाही तर पुढे काय होतं ते मोजलं. मला वाटतं, या विषयात टिकेल ते असं काम. व्याख्यांवरचे निबंध त्यामानाने कमी टिकतील.

इथवर थोडक्यात: कर्तेपण म्हणजे आत्मा नाही, एका टोकाला ‘जणू काही’ची सोयीस्कर भाषा, दुसऱ्या टोकाला जीव स्वतः उत्क्रांतीला वळण देतो हा दावा, मध्ये बरीच जागा. तुझं काम त्या मधल्या जागेत आहे.

आता व्यवहाराचं बोलते. दिवस कसा जातो? सकाळी दोन व्याख्यानं, दुपारी आठ-दहा जणांचे गट, आधी पाठवलेले लेख वाचून आले आहेत असं गृहीत धरून चर्चा. साधारण तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला वाटतं की आपणच एकटे ढ आहोत. तत्त्वज्ञानवाल्यांना कॅरापेस (खेकड्याच्या पाठीचं कवच) कळत नाही, आपल्याला ‘नॉर्मेटिव्हिटी’ (तेच वरचं बरं-वाईट) कळत नाही. त्या दिवशी संध्याकाळी खोलीत जाऊन बसू नकोस. जे कळलं नाही ते त्याच दिवशी, त्याच माणसाला विचार. ‘उदाहरण दे’ हे दोन शब्द तिथे तलवारीसारखे चालतात.

वाचन थोडंच कर, पण पेन्सिल घेऊन. सगळ्यात आधी प्राणिवर्तनशास्त्रज्ञ टिनबर्गन यांचा १९६३ चा लेख, चार प्रश्नांचा: यंत्रणा, वाढ, उपयोग, वंशेतिहास. तुझ्या खेकड्याबद्दल चारही प्रश्नांची एकेक ओळ लिहून बघ, यात दोन दिवस गेले तरी चालतील. मग लेवॉन्टिन. मग २००९ चा तीन कसोट्यांचा लेख, तो पहिल्या वाचनात कळणार नाही, कळला नाही तरी पुढे जा. ओकाशांच्या पुस्तकातली सुरुवातीची प्रकरणं आणि शेवटी ‘नेचर’मधला वाद. कांटपासून सुरुवात करायचा मोह होईल, आवर. मी त्याच्या १७९० च्या पुस्तकापासून सुरू करायला गेले होते आणि गणपतीच्या चवथीपर्यंत तिथेच अडकले.

अर्जातल्या निवेदनात ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य नको. मी वाचलेल्या अर्जांत ते इतक्या वेळा होतं की डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जायचे. थेट चिखलातून सुरुवात कर: अमुक बांधावर, ओहोटीला, मी हे पाहिलं, आणि त्याचं वर्णन करताना कोणतं क्रियापद वापरावं हे मला ठरवता येत नाही. एवढं प्रामाणिकपणे लिहिलंस तर ‘तत्त्वज्ञानाची पार्श्वभूमी’ हा रकाना रिकामा असला तरी चालतो. आणि रिकामाच ठेव, खोटं भरू नकोस. आपल्याकडे विषयांच्या कुंपणांचा बाऊ फार. याच गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर कोसंबी गणिती होते, त्यांनी जुनी नाणी तोलून इतिहास लिहिला, आणि १९४४ मध्ये जनुकांच्या नकाशावरचं अंतर काढायचं जे सूत्र दिलं ते आजही त्यांच्या नावाने वापरात आहे.

शिफारसपत्र मार्गदर्शकांकडूनच घे, टाळू नकोस. आर शीकच, दोन महिने नाही, आजपासून रोज अर्धा तास. ‘सर, आर शिकतेय, आणि त्यातच नांग्यांची मापं टाकतेय’ असं म्हणालीस तर सही मिळेल.

व्हिसा. तुझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर हा परिच्छेद सोड. माझी पहिल्या वर्षी निवड होऊनही मी गेले नाही. कागद एका प्रवास एजन्सीकडे सोपवले होते. त्यांच्याकडून निमंत्रणपत्र लावायचं राहून गेलं, अर्ज परत आला, आणि शाळा सुरू झाली त्या सकाळी माझा पासपोर्ट मुंबईत होता. भाऊ अजून चिडवतो, ‘एजन्सी शिकायला निघाली होती, एजन्सीनेच शिकवली.’ तेव्हा अर्ज स्वतः भर, निवडीचं पत्र आलं त्याच आठवड्यात तारीख घे, आणि निमंत्रणपत्रात राहण्याचा खर्च कोण करतंय हे स्पष्ट लिहून माग. शुल्कमाफीबद्दल आयोजकांना आधीच विचार. बहुतेक शाळांकडे थोडा पैसा बाजूला असतो, पण विचारेल त्याला मिळतो.

निवेदन लिहायला बसण्याआधी एक सकाळ मात्र दे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे चोडणला जा, वही घेऊन. एकाच जागी उभी राहून पन्नास नर मोज आणि त्यांतल्या किती जणांची मोठी नांगी सडपातळ, बिनदातांची आहे ते लिही. दुर्बीण ने, नांगीचे दात दुरून दिसत नाहीत. प्रत्येक नराशेजारी तो काय करत होता ते एकाच क्रियापदात. पकडायला जाऊ नकोस, नांगी सोडून देतात आणि तुझीच आकडेवारी बिघडेल. ओहोटीची वेळ आधी बघ, भरतीला सगळे बिळाचं तोंड बंद करून आत बसलेले असतात.